तलावातलं बेट दिवसभर कसं पाहायचं: नागपूरभोवतीच्या शरदातल्या पक्षीनिरीक्षणाचा क्रम

ऑक्टोबर लागला की तीन चुका दरवर्षी दिसतात. एक, एकाच सकाळी अंबाझरी, गोरेवाडा आणि पारडगाव हे तिन्ही तलाव उरकायचा बेत. यात उन्हाची चांगली वेळ रस्त्यावरच जाते. दुसरी, जानेवारीत काढलेले फोटो बघून ऑक्टोबरातली बदकं ओळखायला जाणं. आणि तिसरी, सगळ्यांत वाईट: कोणाचा तरी डोंगा घेऊन तलावातल्या बेटावर उतरणं.

आपल्याकडच्या तलावांत बेट म्हणजे पाणी भरल्यावर उरलेलं उंच टेकाड. कुठे त्यावर चार बाभळी असतात, कुठे बेशरमची झुडपं, कुठे नुसती खडकाची पाठ. तिथे कुत्रं पोचत नाही, गुरं पोचत नाहीत, माणूस सहसा पोचत नाही, म्हणूनच पक्षी तिथे विसावतात. आपण तिथे पाय ठेवला की ते बेट पक्ष्यांच्या उपयोगाचं राहत नाही. म्हणून पहिला नियम असा: बेट काठावरूनच पाहायचं, आणि दिवसभर एकाच तलावावर थांबायचं. खालचा सगळा क्रम याच नियमावर उभा आहे.

## टप्पा १: तारीख आणि तलाव ठरवा

१० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर हा काळ धरा. पाऊस ऑक्टोबरच्या पूर्वार्धात विदर्भातून माघार घेतो, तलाव काठोकाठ असतात आणि उत्तरेकडून पक्ष्यांची आवक सुरू असते. तुतवार, करडा धोबी, भुवई बदक ही मंडळी ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच यायला लागतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक यांची संख्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाढत जाते. पट्टकादंबासाठी मात्र या दिवसांत तलाव निवडू नका. ते बहुतेक करून थंडी पडल्यावर दिसतात, आणि त्यांच्या आशेवर गेलेला माणूस समोरचं सोडून देतो.

दसऱ्याच्या आगेमागे दीक्षाभूमीकडच्या रस्त्यांवर मोठी गर्दी असते. छठपूजेची संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची पहाट शहरातल्या तलावांवर भाविकांची असते. हे दिवस सोडा. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. तेव्हा गटाने जायला उत्तम, पण शांतपणे मोजणी करायची असेल तर त्याआधीचा साधा कामाचा दिवस बरा.

तलाव निवडताना तीन गोष्टी बघा. बेट काठापासून दीडशे ते तीनशे मीटरवर असावं. पहाटे अंधारात पोचायला आणि संध्याकाळी अंधार पडेपर्यंत थांबायला मुभा असावी. गोरेवाडा किंवा पेंचसारख्या ठिकाणी प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या असतात, त्यामुळे हा दिवसभराचा क्रम तिथे बसत नाही. त्यापेक्षा पाटबंधाऱ्याचा किंवा गावचा तलाव सोयीचा. तिसरं म्हणजे काठाच्या निदान दोन बाजूंना चालत जाता यावं.

सावधान: नकाशावरचं उपग्रहचित्र पुष्कळदा उन्हाळ्यातलं असतं. त्यात बेट ऐसपैस दिसतं, प्रत्यक्षात ऑक्टोबरात त्याचा शेंडाच पाण्यावर असतो किंवा तोही नसतो. चित्रावर विसंबून सरळ ठरलेल्या दिवशी जाऊ नका.

## टप्पा २: आठवडाभर आधी एक फेरी, सूर्य पाहण्यासाठी

या फेरीत पक्षी पाहायचे नाहीत, जागा पाहायच्या आहेत. बहुतेक लोक ही फेरी टाळतात आणि मग दिवसभर काळ्या सावल्या बघत बसतात. सूर्य समोर असला की पाण्यावरचं प्रत्येक बदक काळंच दिसतं, दुर्बीण कितीही महाग असो.

२३ सप्टेंबरनंतर सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. तो पूर्वेच्या जरा दक्षिणेला उगवतो, पश्चिमेच्या जरा दक्षिणेला मावळतो आणि ऑक्टोबरच्या मध्यात भरदुपारीही डोक्यावर न येता दक्षिणेच्या आकाशात सुमारे साठ अंशांवर राहतो. याचा सरळ अर्थ असा, की तलावाच्या दक्षिण काठावर बसून उत्तरेकडे पाहिलं तर ऊन दिवसभर पाठीमागून किंवा बाजूने येतं. असा काठ मिळाला तर बाकीचं सगळं सोपं होतं. नाही मिळाला तर सकाळसाठी पूर्वेचा काठ आणि दुपारनंतरसाठी पश्चिमेचा, अशा दोन जागा ठरवा.

होकायंत्र मोबाइलमध्ये असतंच. कागदावर तलावाचा ढोबळ आकार काढा, त्यात बेट, पाळ, सांडवा, शिंगाड्याची वेल आणि गाळाचा काठ दाखवा. मग ढीवर बांधव जाळं आवरत असतील तर त्यांच्याशी बोला. “काका, पाणी सोडलं का? बेटाच्या कोणत्या अंगाला गाळ उघडा पडला?” एवढ्या प्रश्नावर जी माहिती मिळते ती कोणत्याही ॲपवर नाही. शिंगाड्याची तोडणी कोणत्या दिवशी, कोणत्या बाजूला चालणार हेही विचारून ठेवा, कारण तोडणी चालू असलेल्या बाजूला बदकं थांबत नाहीत.

पाण्याला लागून वावर असेल तर मालकाला विचारा आणि धुऱ्यावरूनच जा. हे सोयाबीन काढणीचे दिवस. बंडी आणि ट्रॅक्टर जायच्या वाटेवर गाडी लावली तर त्याचा त्रास तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येक पक्षीनिरीक्षकाला होतो. पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना आदल्या दिवशी एक फोन करून ठेवा. पहाटे साडेपाचला पाळीवर तिपाई घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी माणसाबद्दल गावाला शंका येणारच.

तपासा: बसायच्या जागेवरून बेट मध्ये कशाचीही आड न येता दिसतं का? बसल्यावर तुमच्यामागे झुडूप किंवा पाळीचा उतार आहे का? मोकळ्या आभाळावर उमटणारी माणसाची आकृती पक्षी लांबूनच टिपतात.

## टप्पा ३: सामान

८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते. बेट दीडशे मीटरच्या पुढे असेल तर चारजणांत मिळून एक स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची, लांबचं दाखवणारी दुर्बीण) आणि घट्ट तिपाई हवी. डळमळणाऱ्या तिपाईवरचा चांगला स्कोप वाया जातो, तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर तिपाईत वाचवू नका.

बाकीचं: वही, दोन पेन्सिली (दवात पेन चालत नाही), टॉर्च, टोपी, माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखर-लिंबू, पोळी-भाजी, फुटाणे. कपडे मातकट रंगाचे, बाह्या पूर्ण, पँट मोज्यात खोचलेली. हे खोचणं हौसेचं नाही. गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणाऱ्या स्क्रब टायफसची साथ २०१८ मध्ये याच हंगामाच्या आगेमागे विदर्भाने पाहिली आहे. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा आणि कपडे लगेच धुवायला टाका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर गवतात बसलो होतो हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

पक्ष्यांचे आवाज वाजवायला स्पीकर नेऊ नका. ड्रोन तर नाहीच.

## टप्पा ४: पहाट, म्हणजे दोन पाळ्यांची अदलाबदल

ऑक्टोबरच्या मध्यात नागपुरात सूर्य सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास उगवतो. तुम्ही साडेपाचला जागेवर बसलेले असायला हवेत. नुसतं पोचलेले नाही, बसलेले.

या पाऊण तासात बेटावर जे घडतं ते पुढे दिवसभर दिसत नाही. रात्री बेटावर झोपलेले पाणकावळे, बगळे, अवाक हे चरायला बाहेर पडतात. त्याच वेळी रात्रभर धानाच्या बांध्यांत आणि दलदलीत चरलेली अडई व इतर बदकं पाण्यावर परततात. एक पाळी जाते, दुसरी येते. सात वाजता आलेल्या माणसाला फक्त दुसरी पाळी दिसते, आणि तो वहीत लिहून टाकतो की या तलावावर बगळे नाहीत.

करायचं असं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘गेले’, उजवीकडे ‘आले’. प्रत्येक थव्यापुढे वेळ, संख्या आणि दिशा. ओळख पटली तर नाव, नाही तर “मोठा पांढरा बगळा-प्रकार, ७, आग्नेयेला” एवढं पुरे. अंधारात अडई आवाजावरूनच कळते. तिची शिट्टीसारखी दोन सुरांची हाक उडता उडता ऐकू येत राहते.

कॅमेरा या वेळी पिशवीतच ठेवा. प्रकाश पुरत नाही, आणि पडद्याचा उजेड दूरवर जातो.

## टप्पा ५: बदकं, आधी मोजा आणि मग ओळखा

सकाळी पावणेसात ते साडेनऊ ही बदकांची वेळ. ऊन तिरपं असतं, पाणी बहुधा संथ असतं, आणि परतलेली बदकं बेटाच्या आडोशाला झोपेच्या तयारीत असतात.

पहिली फेरी फक्त मोजणीची. बेटाच्या डाव्या टोकापासून उजवीकडे दुर्बीण सावकाश सरकवा. दहा पक्ष्यांची जागा नजरेत बसवून घ्या आणि तीच जागा पुढे पुढे ठेवत थवा मोजा. मग उलट, उजवीकडून डावीकडे. दोन्ही आकडे लिहा. सोबत कोणी असेल तर दोघांनी वेगवेगळं मोजावं आणि लिहून होईपर्यंत एकमेकांना आकडा सांगू नये. बुडी मारणाऱ्या टिबुकल्या आणि वारकरी एका फेरीत हमखास सुटतात, त्यांच्यासाठी तिसरी फेरी घ्या.

ओळखीची सुरुवात त्यानंतर, आणि इथेच सर्वांत जास्त गफलती होतात. विणीनंतर बहुतेक स्थलांतरित बदकांचे नर रंगीत पिसं टाकतात आणि काही महिने मादीसारखे भुरकट दिसतात. ऑक्टोबरात आलेला थापट्या नर हिरव्या डोक्याचा असेलच असं नाही. भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवई तर या दिवसांत नसतेच, ती हिवाळा सरत आल्यावर दिसते. रंगाच्या भरवशावर गेलात की सगळा थवा ‘कोणतं तरी मादी बदक’ होऊन बसतो.

म्हणून रंग शेवटी बघा. हा क्रम ठेवा:

आधी आकार, पण तो शेजारच्या पक्ष्याच्या मानाने. हळदीकुंकू बदक वर्षभर इथलंच, मोठं आणि ओळखायला सोपं: काळ्या चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपका. ते एक सापडलं की ते मोजमाप धरा. त्याच्याहून अगदी लहान दिसलं तर चक्रांग किंवा भुवई बदक. त्याहूनही इवलं असेल तर काणूक.

मग चोच. थापट्याची चोच टोकाला पसरट आणि डोक्याच्या मानाने अवजड असते. पिसारा कसाही असो, ती लपत नाही. तलवार बदकाची चोच राखी, मान लांब आणि बारीक, शेपटी टोकदार.

मग चेहरा. चक्रांग आणि भुवई बदकाच्या माद्या वेगळ्या करायच्या तर चेहऱ्यावर थांबा. भुवई बदकाच्या गालावर गडद-फिकट पट्टे ठळक असतात आणि चोचीच्या मुळाशी फिकट डाग असतो. चक्रांगाचा चेहरा साधा, पण शेपटीच्या मुळाशी बाजूला एक फिकट रेघ दिसते.

शेवटी पंख. बदक आळस देतं, पंख फडफडवतं, तेव्हा क्षणभर पंखावरचा पट्टा दिसतो. चक्रांगाचा हिरवा, मलिन बदकाचा छोटा पांढरा चौकोन. यासाठी एका बदकावर दहा-पंधरा मिनिटं स्कोप लावून ठेवावा लागतो. ही पंधरा मिनिटं द्याच. थवा उडवून पंख बघणं हा शॉर्टकट नाही, ती आगळीक आहे: हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला आपण पुन्हा उडायला लावतो.

सावधान: बदकांनी माना ताठ केल्या, झोपलेली जागी झाली, सगळी एका दिशेला पोहायला लागली, की तुम्ही जास्त जवळ आलात. तिथेच थांबू नका, मागे सरका. ती पुन्हा चोच पिसांत खुपसेपर्यंत काही लिहू नका, कारण तोवर तुम्ही तुमच्या गडबडीचीच नोंद करत असता.

## टप्पा ६: बेटावरची झाडं आणि बगळे

हा टप्पा छोटा आहे. बाभळीच्या वाळक्या फांद्यांवर पंख पसरून बसलेले पाणकावळे सरसकट ‘पाणकावळा’ म्हणून लिहू नका. छोट्या पाणकावळ्याची चोच आखूड आणि कपाळ उभं, भारतीय पाणकावळ्याची चोच लांब, बारीक आणि कपाळ चपटं. मान सापासारखी आणि चोच सरळ भाल्यासारखी असेल तर तो तिरंदाज.

बगळ्यांत चोचीचा रंग फसवतो. तोंडाची फट बघा: मोठ्या बगळ्याची डोळ्याच्या मागपर्यंत जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच संपते. छोट्या बगळ्याची चोच काळी, बोटं पिवळी. पण बोटं चिखलात असतील तर तो पाय उचलेपर्यंत वाट बघा.

## टप्पा ७: गाळाचा काठ

भरलेल्या तलावात गाळ कमी उघडा असतो, त्यामुळे चिखलपक्षी थोडेच, पण एका पट्टीत एकवटलेले असतात. आधीच्या फेरीत ती पट्टी नकाशावर दाखवलेली असेल तर आता शोधाशोध नको.

पक्ष्यांच्या दिशेने सरळ चालत जाऊ नका. तिरपं जा, चार पावलं चाला, थांबा, खाली बसा. गुरं चारणारे याच काठाने जातात आणि पक्षी त्यांना सरावलेले असतात. ते कधी कोणावर रोखून चालत नाहीत.

तीन तुताऱ्या रोजच्या गोंधळाच्या. तुतवार शेपूट सतत खालीवर हलवतो, आणि त्याच्या छातीच्या बाजूने पांढरा रंग खांद्यापर्यंत वर चढलेला असतो. उडताना पाण्यालगत, ताठ पंखांनी. हिरवी तुतारी वरून गडद. उडाली की पंखांची खालची बाजू काळपट आणि बुडखा पांढरा शुभ्र. ठिपकेवाल्या तुतारीची भुवई ठळक, पाय लांब व पिवळसर, पंख खालून फिकट. कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवतीचं पिवळं कडं जवळून स्वच्छ दिसतं, पण तो धावला की गाळात मिसळून जातो. तो थांबेल तिथे नजर आधीच नेऊन ठेवा.

सावधान: काळ्या मातीचा गाळ वरून वाळल्यासारखा दिसतो, पापुद्रा धरलेला असतो, आणि खाली गुडघाभर रबरबीत असतो. काठी टोचून बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका. बेशरमच्या झुडपांत आणि वाळल्या गवतात घोणस असते. हात कुठेही न बघता टेकू नका. मोटारपंपाची वायर काठावर पडलेली दिसली तर लांबून वळसा घ्या.

## टप्पा ८: दुपार

दहा-साडेदहानंतर ऑक्टोबरचं ऊन तापतं आणि पाण्यावरची हवा थरथरू लागते. स्कोप जास्तीत जास्त मोठा करून काही साधत नाही, उलट प्रतिमा विरघळते. तो सर्वांत कमी मोठेपणावर ठेवा किंवा झाकून टाका.

अकरा ते साडेतीन सावलीत बसा, जेवा, पाणी प्या आणि आभाळाकडे लक्ष असू द्या. गरम हवेवर शिकारी पक्षी वर चढतात. दलदल भोवत्या पंख वर उचलून लव्हाळ्यांवरून फिरतो, कैकर मासा पायात धरून एखाद्या वाळल्या खोडावर बसतो. पाण्यावरची बदकं एकदम उडाली तर आधी वर बघा, कारण बहुधा तिथेच असतं. पाळीच्या झुडपांत गप्पीदास, तारांवर माळभिंगऱ्या, शिंगाड्याच्या पानांवर कमळपक्षी हे याच वेळात होऊन जातं. दुपारी ढग दाटून गडगडायला लागलं तर पाळीवरून उतरा आणि एकट्या झाडाखाली थांबू नका.

## टप्पा ९: संध्याकाळची मोजणी

सूर्य साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास मावळतो. साडेचारला पहाटेच्याच जागेवर परत बसा. उजेड समोरून येत असला तरी इथे चालतो, कारण आता आकार आणि संख्याच हवी आहे.

बेट परत भरू लागतं. पुन्हा तेच पान, पण आता ‘आले’ हा रकाना बगळ्यांचा आणि पाणकावळ्यांचा, ‘गेले’ हा बदकांचा. थवे एकदम यायला लागले की एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. आलेला थवा बेटावर एक घिरटी घालून पुन्हा उठतो, तो दोनदा मोजला जातो. त्यासाठी बेटाच्या अलीकडे एक काल्पनिक रेषा धरा आणि ती ओलांडणारेच मोजा. अडई बहुधा सर्वांत शेवटी निघते, तेव्हा सूर्य मावळला म्हणून सामान आवरू नका. अर्धा तास अजून थांबा.

तपासा: सकाळी ‘गेले’ आणि संध्याकाळी ‘आले’ यांत बगळ्यांचे आकडे साधारण जुळतात का? खूप तफावत असेल तर एक तर पहाटे उशीर झाला, किंवा तलावाच्या दुसऱ्या अंगाला झोपायची आणखी एक जागा आहे. तिथे पुढच्या वेळी एकाला बसवा.

## टप्पा १०: त्याच रात्री नोंद

उद्यावर टाकलेल्या नोंदीत आकडे गोल होतात: ४३ चे ‘सुमारे ५०’ होतात. झोपण्याआधी वही उघडा. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर) टाकताना पूर्ण दिवसाची एक लांबलचक यादी करू नका. पहाट, सकाळची मोजणी, गाळाचा काठ, संध्याकाळ अशा वेगळ्या याद्या करा आणि प्रत्येकीची सुरुवातीची वेळ व कालावधी लिहा. जागेची खूण बेटावर नाही, तुम्ही बसला होता त्या काठावर लावा. जे ओळखू आलं नाही ते ‘बदक, जात अनिश्चित’ म्हणून आकड्यासह द्या. अंदाजाने नाव चिकटवलं तर ती चूक वर्षानुवर्षं नोंदीत राहते.

तलावाच्या पातळीचीही एक ओळ लिहा: सांडव्यावरून पाणी वाहत होतं का, बेटाचा किती भाग बाहेर होता. रब्बीसाठी कालव्याला पाणी सुटलं की पातळी उतरते, गाळ उघडा पडतो आणि चिखलपक्षी वाढतात. तीन आठवड्यांनी त्याच जागेवर, त्याच वेळांना पुन्हा बसलात तर हा बदल तुमच्या दोन पानांत शेजारी शेजारी दिसेल. ती दुसरी तारीख आजच ठरवून सोबतच्यांना कळवा आणि जाळंवाल्या ढीवर काकांना पाणी कधी सुटणार ते विचारून ठेवा.